कळतं पण वळत नाही: सवयी आणि अंतर्मनाबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात सवयींबद्दल प्रश्न पाठवा म्हटलं होतं, तर ढीगभर पत्रं आली. आणि गंमत म्हणजे निम्म्याहून जास्त पत्रांत एकच वाक्य होतं, "ताई, कळतं पण वळत नाही." मला हे वाक्य फार महत्त्वाचं वाटतं, कारण कळणं वेगळं आणि वळणं वेगळं हे आपली भाषा केव्हापासून सांगतीये आणि मेंदूवर काम करणारे लोक त्याच ठिकाणी पोचले ते गेल्या साठ-सत्तर वर्षांत. त्यातली पाच पत्रं इथे घेतलीयेत, नावं काढून.

प्रश्न: ताई, माझं वय ४१. सकाळी उठून व्यायाम करायचा हे गेल्या दोन वर्षांत ४ वेळा ठरवलं. कधी चालायला जातो, कधी घरीच व्हिडिओ लावून करतो, वेळ जमेल तशी. दर वेळी २१ दिवस नेटाने पूर्ण केले, कॅलेंडरवर खुणा केल्या, आणि मग एखादा दिवस चुकला की सगळंच बंद पडतं. मित्र म्हणतो तुझं अंतर्मन तुला साथ देत नाहीये, आधी त्याला पटव. ते कसं पटवायचं?

उत्तर: आधी एक हिशोब करते. ४ वेळा २१ दिवस म्हणजे ८४ दिवस तुम्ही सकाळी उठून अंग हलवलंत. हे काम आळशी माणसाचं नाही, त्यामुळे स्वतःला दोष देणं आजपासून थांबवा. घोळ त्या २१ च्या आकड्यात आहे. मॅक्सवेल माल्ट्झ नावाचे एक अमेरिकन प्लास्टिक सर्जन होते, त्यांनी १९६० साली लिहिलं होतं की सर्जरीनंतर पेशंटला आरशातला नवा चेहरा आपलासा वाटायला निदान २१ दिवस तरी लागतात. पुढे लोकांच्या तोंडी जाता जाता त्यातलं "निदान" गळालं, चेहऱ्याचा विषय मागे पडला आणि उरलं काय तर २१ दिवसांत सवय लागते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी हे खरंच मोजून बघितलं. ९६ जणांनी १२ आठवडे रोज एक छोटी नवी गोष्ट ठरलेल्या प्रसंगाला जोडून करायची, आणि ती किती आपोआप व्हायला लागलीये ते नोंदवायचं. गोष्ट अंगवळणी पडायला लागलेला काळ निघाला मध्यावर ६६ दिवस, पण कुणाचे १८ तर कुणाचे हिशोबाने २५४ पर्यंत. पाणी पिण्यासारखं सोपं काम लवकर बसतं, व्यायामाला जास्त वेळ लागतो. आणि तुमच्या कामाची गोष्ट ही की एखादा दिवस चुकल्याने त्या लोकांची गाडी रुळावरून घसरली नव्हती. तुमचा व्यायाम त्या चुकलेल्या दिवसाने बंद पडला नाही, "चुकला म्हणजे संपलं" या समजुतीने बंद पडला.

आता अंतर्मन पटवण्याबद्दल. मित्राचं निम्मं बरोबर आहे. कामाला लावायचं अंतर्मनालाच, पण ते पटवून घेत नाही हो, त्याला बोललेलं समजतच नाही. हेन्री मोलायसन नावाचा एक अमेरिकन माणूस होता. १९५३ मध्ये फिट्ससाठी त्याच्या मेंदूवर सर्जरी झाली, त्यात आठवणी साठवायला लागणारा दोन्ही बाजूंचा भाग काढला गेला आणि त्यानंतर नवीन काही त्याच्या लक्षातच राहीना, आत्ता भेटलेला माणूस थोड्या वेळाने पुन्हा अनोळखी. ब्रेंडा मिल्नर या संशोधिकेने त्याला आरशात बघून चांदणीची आकृती गिरवायला दिली, ते आपल्यालाही अवघड जातं, हात भलतीकडेच जातो. तीन दिवस सराव झाला. दर दिवशी हेन्रीला वाटायचं हे आपण पहिल्यांदाच करतोय, आणि दर दिवशी त्याच्या हाताच्या चुका आधीपेक्षा कमी व्हायच्या. म्हणजे माणसाला पत्ता नाही आणि हात शिकून बसलाय!

याच्या बरोब्बर उलट १९९६ चा एक प्रयोग आहे. पत्ते बघून पाऊस पडेल की ऊन ते ओळखायचं, नियम कुणी सांगत नाही, चुकत चुकत आपोआप अंदाज बसत जातो. स्मृती गेलेल्या पेशंटना तो अंदाज बसला. पार्किन्सन्सच्या पेशंटना मात्र बसला नाही, खरं तर सराव कसा झाला, पत्त्यांवर काय होतं हे सगळं त्यांना नीट आठवत होतं. कारण मेंदूच्या खोलात सवयी शिकणारे जे भाग असतात त्यांचंच काम पार्किन्सन्समध्ये बिघडलेलं असतं. एकाला वळलं पण कळलं नाही, दुसऱ्याला कळलं पण वळलं नाही.

माझ्या घरातलंच सांगते. कचऱ्याचा डबा सिंकच्या डावीकडे असायचा, तो मीच उचलून दाराशी ठेवला, म्हणजे निर्णय माझा, कारण मला माहीत, जागा मला माहीत. तरी हातात काही कागद-बिगद आला की शरीर डावीकडे वळायचं, पाय आपटून झाकण उघडायच्या बेतात असायचा आणि तिथे नुसती फरशी. दोन-तीनदा तर कागद जमिनीवर टाकून मोकळी झाले. स्वतःला कितीदा बजावलं. काही फरक नाही. मग त्या जुन्या जागेवर एक स्टूल ठेवलं, पाय स्टुलाला लागायला लागला, तेवढ्याने क्षणभर थांबायचे आणि दाराकडे जायचे. बजावण्याने जे झालं नाही ते स्टुलाने झालं, कारण अंतर्मनाला पायाला लागलेलं कळतं, बजावलेलं नाही.

म्हणून तुमच्यासाठी एकच बदल सुचवते. तुम्ही लिहिलंय कधी चालणं, कधी व्हिडिओ, वेळ जमेल तशी. हेच तुमच्या आड येतंय. त्या आतल्या विद्यार्थ्याला धडा रोज वेगळा मिळतोय, मग तो पाठ कसा करणार? दोन महिने एकच व्यायाम, एकाच गोष्टीला चिकटवून, म्हणजे दात घासून झाले की बूट घालायचे, आणि कुठलाही विचार न करता दाराबाहेर. घड्याळाच्या वेळेपेक्षा आधी घडणारी एखादी कृती पक्की धरा, वेळ मागेपुढे झाली तरी दात तुम्ही घासताच. आणि सुरुवातीला १० मिनिटं पुरे. बूट घालून बाहेर पडणं हीच खरी सवय आहे, किती चाललात ते नंतर आपोआप वाढतं.

प्रश्न: मी रोज रात्री हेडफोन लावून झोपते, त्यात लाटांच्या आवाजाखाली "मी शिस्तप्रिय आहे, मी यशस्वी आहे" अशा सूचना असतात, त्या थेट सुप्त मनात जातात म्हणे. तीन महिने झाले. थोडा फरक वाटतो पण फोन हातातून सुटलेला नाही. अजून किती दिवस ऐकू? (वय २९)

उत्तर: थोडा फरक वाटतो असं जे तुम्ही लिहिलंय ना, त्याचाच अभ्यास झालेला आहे. १९९१ मध्ये अँथनी ग्रीनवाल्ड आणि सहकाऱ्यांनी अशाच कॅसेट लोकांना महिनाभर ऐकायला दिल्या, काही स्मरणशक्ती वाढवणाऱ्या आणि काही आत्मविश्वास वाढवणाऱ्या, मात्र काही जणांच्या कॅसेटवरची लेबलं मुद्दाम अदलाबदल केलेली. महिन्याने टेस्ट घेतल्या तर कॅसेटमध्ये जे होतं त्याचा काही परिणाम दिसला नाही, पण बऱ्याच जणांना लेबलवर जे लिहिलं होतं त्यात आपण सुधारलो असं मनापासून वाटत होतं. ते खोटं बोलत नव्हते आणि तुम्हीही बोलत नाही आहात. आपण आशेने काही करतो तेव्हा असं वाटतंच.

जागेपणी स्वतःला अशी वाक्यं म्हणण्याबद्दलही जरा जपून. २००९ च्या एका अभ्यासात "मी प्रेम करावं अशी व्यक्ती आहे" हे वाक्य घोकायला दिलं, तर ज्यांचं स्वतःबद्दलचं मत आधीच खालावलेलं होतं त्यांना ते म्हटल्यावर आणखी वाईट वाटलं. मला हे समजू शकतं. आतून कुणीतरी लगेच म्हणतं, "कुठे, खोटं आहे हे."

तुमचं सुप्त मन ऐकत नाही असं नाही हं, ते दिवसभर शिकतंय, फक्त शिकतंय वेगळंच. दिवा बंद केला, आडवी झाले, उजवा हात उशीशेजारी गेला, फोन आला हातात, अंगठ्याने वर सरकवलं, काहीतरी नवं दिसलं. हे रोज रात्री, त्याच जागी, त्याच क्रमाने, आणि शेवटी छोटंसं बक्षीस. यापेक्षा उत्तम शिकवणी त्याला कोण देणार! आणि त्यानंतर तुम्ही हेडफोन लावता, तेही त्याच फोनला जोडून, त्याच पलंगावर. रेकॉर्डिंगची फाइल एखाद्या जुन्या प्लेअरमध्ये टाका, आवडत असेल तर ऐका, त्याने शांत वाटत असेल तर चांगलंच आहे, पण फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला आणि अलार्मसाठी साधं घड्याळ. पहिले काही दिवस हात उशीशेजारी जाईल आणि रिकामा परत येईल. तो रिकामा परत येणारा हात म्हणजेच शिकणं चालू आहे.

प्रश्न: ताई मी कॉलेजमध्ये आहे, लहानपणापासून नखं खातो, बोटांतून रक्त येईपर्यंत. आई ओरडते, कडू औषध लावून झालं, लाज वाटते म्हणून हात खिशात घालून बसतो. मला कळतच नाही मी खायला कधी सुरुवात केली. इच्छाशक्तीच नाही माझ्यात.

उत्तर: तुझ्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य "मला कळतच नाही कधी सुरुवात केली" हे आहे. जी गोष्ट सुरू झालेलीच कळत नाही तिथे इच्छाशक्ती येऊन करणार काय, तिला बोलावणंच जात नाही. त्यामुळे ते "माझ्यात नाही" वगैरे खोडून टाक.

एक काम कर, आठवडाभर नखं खाणं थांबवू नकोस, फक्त बघ. बहुतेकांचं असं असतं की हात तोंडाशी जायच्या आधी अंगठा बाकीच्या बोटांच्या नखांवरून फिरतो, कुठे खडबडीत टोक लागतंय का ते चाचपत. टोक सापडलं की ते बोट वर जातं, ओठाला लागतं, आणि मग दात. तू हे वाचताना कदाचित अंगठा फिरतही असेल. सवय दातांपाशी सुरू होत नाही, त्या चाचपण्यापाशी होते आणि तिथेच तिला पकडता येतं. खिशात एक छोटी कानस ठेव, टोक लागलं की घासून गुळगुळीत कर, म्हणजे ते बोलावणारं टोकच राहणार नाही.

दुसरं म्हणजे अंगठा फिरतोय हे लक्षात आलं की मूठ हलकी आवळून मिनिटभर तरी तशीच धरायची, किंवा पेन धरायचं, वर्गात कुणाच्या लक्षातही येणार नाही. ही पद्धत अझ्रिन आणि नन या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये मांडली आणि अशा खोडींसाठी ती आजही वापरतात. "खाऊ नको" ही सूचना हाताला देता येत नाही, कारण नको म्हणजे काय करू हे त्याला कळत नाही. "मूठ आवळ" कळतं. आईला हा मजकूर वाचायला दे आणि तिला सांग की ओरडण्याऐवजी नुसतं हाताला स्पर्श केलास तरी मला मदत होईल.

नखाभोवती सूज, पू झाला असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवच.

प्रश्न: ६ वर्षांपूर्वी सिगरेट सोडली. पूर्ण. मागच्या महिन्यात जुन्या ऑफिसात कामासाठी गेलो, मागच्या जिन्यात जुने सहकारी उभे होते, आणि मी काही विचार करायच्या आत हात पुढे केला. दोन ओढल्या. घरी येऊन रडलो. ६ वर्षं पाण्यात गेली का? जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही ते खरंच आहे का? (वय ५२)

उत्तर: नाही गेली पाण्यात. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि पहिल्यांदा हेच सांगायचंय.

जुनी सवय पुसली जात नाही ही गोष्ट मात्र खरी आहे, ती तुमच्यापासून लपवणार नाही. रशियन शास्त्रज्ञ पावलॉव्ह यांच्या कुत्र्यांच्या बाबतीतच हे दिसलं होतं. घंटा वाजली की खाणं, असं रोज होत गेल्यावर नुसत्या घंटेनेही त्यांना लाळ सुटायची. घंटेनंतर खाणं देणं बंद केलं की लाळ सुटणं हळूहळू थांबायचं, पण मधे काही काळ गेला आणि पुन्हा घंटा वाजली की लाळ परत. अमेरिकेत एमआयटीमध्ये अ‍ॅन ग्रेबिएल यांच्या लॅबने उंदरांच्या मेंदूत हे डोळ्यांनी बघितलं म्हणा ना. बोळकांडीतून धावत जाऊन बक्षीस शोधायचं शिकलेल्या उंदरांच्या मेंदूतल्या सवयीच्या भागात एक ठरावीक ठसा तयार होतो, धावायला सुरुवात करताना आणि शेवटी पेशी जोरात बोलतात, मधे शांत. बक्षीस बंद केलं तर तो ठसा जातो. पुन्हा बक्षीस सुरू केलं तर नव्याने शिकावं लागत नाही, पटकन परत उभा राहतो. २००५ मधलं काम आहे हे.

मग ६ वर्षांत तुम्ही काय केलंत? जुन्या सवयीवर दुसरी सवय बसवलीत, सिगरेटशिवाय जगण्याची. फक्त ही वरची सवय जिथे जिथे शिकली गेली तिथे पक्की असते, म्हणजे तुमचं घर, नवं ऑफिस, प्रवास, घरातली भांडणं, आजारपणं, या सगळ्या ठिकाणी. त्या जिन्यात मात्र ती कधी शिकवलीच गेली नाही कारण तुम्ही तिथे गेलाच नाहीत. तिथे अजून जुन्याचंच राज्य होतं. जागेचा जोर किती असतो बघा, लोकांना थिएटरमध्ये सिनेमा बघताना आठवड्याचे शिळे पॉपकॉर्न दिले तर ज्यांना थिएटरमध्ये पॉपकॉर्न खायची सवय होती त्यांनी ताज्याइतकेच शिळेही खाल्ले, चव आवडली नाही असं स्वतःच सांगूनसुद्धा. तेच मीटिंग रूममध्ये दिले तर नाही. आणि नेहमीचा हात सोडून दुसऱ्या हाताने खायला सांगितलं तरी थांबले, कारण हात बदलला की कृती आपोआप होईना आणि जाणीव जागी झाली.

याची उलट बाजूही आहे आणि ती मोठी आहे. व्हिएतनाम युद्धातल्या अमेरिकन सैनिकांमध्ये साधारण पाचातला एक जण तिथे असताना हेरॉइन वगैरेच्या आहारी गेलेला होता. लोक घाबरले होते की हे सगळे परत आल्यावर काय होणार. ली रॉबिन्स यांनी त्यांचा पाठपुरावा केला तर व्यसन लागलेल्यांपैकी फक्त ५ टक्क्यांच्या आसपास लोक परतल्यानंतरच्या पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनात अडकले. याला कारणं बरीच आहेत, पण ती जागा, ते दिवस, ते सोबती सुटले हे त्यातलं मोठं कारण मानतात.

तर आता करायचं काय. त्या जिन्याकडे पुढचे काही महिने जाऊ नका आणि जावंच लागलं तर तयारी करून जा. तयारी म्हणजे "मी ओढणार नाही" असा निश्चय नाही, तो त्या दिवशीही तुमच्याकडे होताच. "जर-तर" असं एक वाक्य: जर कुणी पाकीट पुढे केलं तर मी फोन काढून जिना उतरायला लागेन. पीटर गोल्विट्झर यांनी असे जर-तर बेत पुढे आणले, आणि २००६ मध्ये ९४ अभ्यास एकत्र करून बघितले तेव्हा नुसत्या इराद्यापेक्षा असे बेत केलेले लोक चांगलेच पुढे होते. याचं कारणही तेच, प्रसंग आणि कृती यांची गाठ आधीच मारून ठेवली की त्या क्षणी विचाराची वाट बघावी लागत नाही, म्हणजे अंतर्मन ज्या चालीने तुम्हाला पाडतं तीच चाल तुम्ही आपल्या बाजूने वापरता. आदल्या रात्री हे वाक्य लिहा, तो जिना डोळ्यांसमोर आणा, उतरताना स्वतःला बघा. त्या दिवशी झोप कमी असेल, कामाचा ताण असेल तर भेट पुढे ढकला. ताणात माणूस विचारापेक्षा सवयीवर जास्त चालतो, प्रयोगांतही हे दिसलंय.

दोन सिगरेट झाल्या. तिसरी झाली नाही ना? झाली असेल किंवा रोजची तलफ परत आली असेल तर निकोटिनसाठी औषधं असतात, डॉक्टरांशी बोला, त्यात कमीपणा काहीच नाही. आणि घरी येऊन रडलात हे घरच्या कुणाला सांगितलंय का? नसेल तर सांगा.

प्रश्न: प्रत्येक वाईट सवयीच्या मुळाशी लहानपणची दबलेली जखम असते आणि ती सापडल्याशिवाय सवय सुटत नाही असं ऐकलं. खरं आहे का? आणि दुसरं, नवी सवय लागली हे ओळखायचं कसं?

उत्तर: प्रत्येक म्हणाल तर नाही. दबलेल्या इच्छा आणि आठवणींचं अबोध मन फ्रॉइडने मांडलं, इथे मी ज्याबद्दल लिहितेय ते त्यापेक्षा साधं आहे, ते सायकलचा तोल सांभाळतं, घराचं कुलूप लावतं, आणि त्याच सफाईने फोनही उचलतं. पाय हलवायची सवय असेल तर बालपण खणत बसायची गरज नाही. पण काही सवयी खरंच कशावर तरी फुंकर घालत असतात, एकटेपणावर, भीतीवर, आणि ती सवय सोडली की ते दुखणं उघडं पडतं. सवय मोडल्यावर सुटल्यासारखं न वाटता जीव कासावीस होत असेल, किंवा एक सोडली की दुसरी तशीच मागे लागत असेल तर मानसोपचार करणाऱ्या माणसाशी जरूर बोला. तिथे जुन्या जखमेचा विषय निघेलही.

ओळखायचं कसं, तर याची मानसशास्त्रात १२ वाक्यांची एक प्रश्नावलीच आहे आणि तिचा गाभा असा की ही गोष्ट तुम्ही न आठवता करता का, विचार न करता करता का, करायला सुरुवात केली हे नंतर लक्षात येतं का. किती दिवस झाले हे मोजावंसं वाटतंय तोवर बहुधा ती अजून बसायचीये. माझ्या त्या डब्याचं म्हणाल तर नक्की कुठल्या दिवशी जमलं हे मला सांगताच येणार नाही. एकदा पाहुणे आले म्हणून ते स्टूल उचलून बाहेर बसायला नेलं, ते बाहेरच राहिलं, आणि चार-पाच दिवसांनी झाडताना ती मोकळी जागा दिसली तेव्हा लक्षात आलं की मधल्या काळात मी एकदाही तिकडे वळले नव्हते.